फायटिंग गेममध्ये सतत हरताय? नवखा खेळाडू स्पर्धेच्या पातळीपर्यंत कसा पोहोचतो

चीनमधल्या हांगझोऊ इथं २०२३ मध्ये झालेल्या आशियाई क्रीडा स्पर्धेत ई-स्पोर्ट्सला पहिल्यांदाच अधिकृत पदकांचा दर्जा मिळाला. त्यातला एक खेळ होता 'स्ट्रीट फायटर ५'. त्याचं सुवर्णपदक दक्षिण कोरियाच्या किम ग्वान-वू यानं जिंकलं. तेव्हा त्याचं वय होतं ४४ वर्षं. भारताकडून मयंक प्रजापती आणि अयान बिस्वास हे दोघं उतरले होते, पण पदकापर्यंत कोणी पोहोचलं नाही.

व्हिडिओ गेम म्हणजे कोवळ्या पोरांच्या चपळ बोटांचं काम, हा समज या एका आकड्यानं बराचसा खोटा ठरतो. फायटिंग गेममध्ये बोटं लागतातच. पण चाळिशी ओलांडलेला माणूस विशीतल्या पोरांना हरवतो, तेव्हा तो त्यांच्यापेक्षा वेगानं बटणं दाबत नसतो. समोरचा आता काय करणार, हे त्याला आधी कळत असतं. नवख्याला नेमकं हेच शिकायचं असतं, आणि बहुतेक नवखे वेळ घालवतात तो दुसऱ्याच गोष्टींवर.

मारामारी असली म्हणजे फायटिंग गेम नव्हे

नव्वदच्या दशकात गल्लीतल्या व्हिडिओ गेम पार्लरमध्ये 'मुस्तफा' खेळलेल्यांची संख्या मोठी आहे. त्या गेमचं खरं नाव 'कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स'. मुस्तफा हे त्यातलं एक पात्र. पण तो फायटिंग गेम नाही. त्यात रस्त्यानं पुढं पुढं जात कॉम्प्युटरच्या गुंडांना लोळवायचं असतं, आणि ते गुंड दरवेळी साधारण तसेच वागतात.

फायटिंग गेममध्ये एका पडद्यावर दोन पात्रं समोरासमोर असतात. वर दोघांच्या जीवाच्या पट्ट्या. ज्याची पट्टी आधी संपेल तो फेरी हरला, आणि सहसा तीनपैकी दोन फेऱ्या जिंकणारा सामना जिंकतो. दुसऱ्या पात्रामागे माणूस असतो. या प्रकाराला आजचं रूप दिलं ते कॅपकॉम या जपानी कंपनीच्या १९९१ च्या 'स्ट्रीट फायटर २' नं. पाठोपाठ 'मॉर्टल कॉम्बॅट', 'किंग ऑफ फायटर्स', 'टेकन' अशी घराणी आली. भारतातल्या पार्लरांमध्ये 'किंग ऑफ फायटर्स ९७' आणि 'टेकन ३' यांनी पोरांचे खिसे रिकामे केले. सध्या सगळ्यात मोठ्या स्पर्धा होतात त्या 'स्ट्रीट फायटर ६' (जून २०२३) आणि 'टेकन ८' (जानेवारी २०२४) या दोन गेमच्या. इथली उदाहरणं याच दोन गेममधली आहेत.

'टेकन ३' खेळलेल्यांना एडी गोर्डो आठवत असेल. ब्राझीलच्या कपोएरा शैलीत नाचत नाचत लाथा मारणारा. दोन्ही लाथांची बटणं डोळे मिटून बडवली तरी हा गडी समोरच्याला लोळवायचा. नव्या माणसाला एडी द्यायचा आणि तो जिंकला की चिडायचं, हे घरोघरी झालेलं आहे. पण एडीच्या कोणत्या लाथेनंतर तो उघडा पडतो, हे ज्याला माहीत होतं त्याच्यापुढे ही युक्ती एकाच फेरीत संपायची. बटणं बडवून कुठवर जाता येतं, याची हद्द तिथंच आहे.

सुरुवातीला सगळेच हरतात

क्रिकेटमध्ये हरलं तर खेळपट्टी असते, 'बीजीएमआय'मध्ये हरलं तर टीममधला चौथा गडी असतो. फायटिंग गेममध्ये दोष द्यायला कोणीच नसतं. पत्ते वाईट आले, असंही म्हणता येत नाही. त्यामुळे सलग १५ सामने हरलेल्या माणसाला आपली लायकीच नाही असं वाटू लागतं, आणि तो गेम बंद करतो. बरेच जण इथंच गळतात.

प्रत्यक्षात या १५ पराभवांची कारणं १५ नसतात. ती दोन-तीनच असतात आणि पुन्हा पुन्हा येतात. दर दोन सेकंदांनी उडी मारणं आणि हवेतच मार खाणं. आपला फटका अडवला गेल्यावरही लगेच पुढचं बटण दाबणं. समोरच्यानं पकडून आपटलं तरी सुटायचा प्रयत्न न करणं. खाली पडल्यावर उठता उठता घाबरून तीच एक चाल करणं. पराभवाला असं नेमकं नाव देता आलं की त्यावर काम करता येतं. 'समोरचा फारच भारी होता' हे असं नाव नव्हे.

सेकंदाचे ६० तुकडे

या गेममध्ये काळ मोजतात तो 'फ्रेम'मध्ये. एका सेकंदात ६० फ्रेम, म्हणजे एक फ्रेम सेकंदाचा साठावा भाग. प्रत्येक फटक्याचे तीन टप्पे असतात. आधी हात उचलला जातो, मग तो लागू शकेल असा क्षण येतो, आणि शेवटी हात मागे घेऊन सावरण्याचा काळ. पहिल्या टप्प्यात फटका अजून लागत नाही आणि तिसऱ्या टप्प्यात मारणारा स्वतः असहाय असतो. खेळाडू जिला 'फ्रेम डेटा' म्हणतात ती हीच आकडेवारी.

'स्ट्रीट फायटर ६' मधला सगळ्यात जलद साधा ठोसा बहुतेक पात्रांचा ४ फ्रेममध्ये लागतो. 'टेकन'मध्ये तो साधारण १० फ्रेमचा असतो. डोळ्यांनी काही पाहून बोट हलवायला माणसाला सेकंदाचा पाचवा ते चौथा भाग लागतो, म्हणजे १२ ते १५ फ्रेम. थोडक्यात, ठोसा 'बघून' अडवणं जगज्जेत्यालाही जमत नाही. आपले रिफ्लेक्स कमी पडतात म्हणून आपण हरतो, असं समजणारा नवखा जे कोणालाच शक्य नाही त्यासाठी स्वतःला दोष देत असतो.

मात्र सगळ्याच गोष्टी इतक्या जलद नसतात. 'स्ट्रीट फायटर ६' मध्ये उडी मारून जमिनीवर येईपर्यंत साधारण ४५ फ्रेम जातात, म्हणजे पाऊण सेकंद. 'ड्राइव्ह इम्पॅक्ट' हा रंग उधळत येणारा जोरकस फटका २६ फ्रेमनी लागतो. या गोष्टी डोळ्यांना दिसतात आणि त्यांना उत्तर देता येतं. म्हणून समोरच्याच्या चालींचे तीन ढीग करणं सोयीचं पडतं: ज्या बघून थांबवता येतात, ज्यांचं उत्तर आधीच पाठ असावं लागतं, आणि ज्यांचा केवळ अंदाज बांधता येतो. शिकायचं ते याच क्रमानं.

आधी उडी थांबवायला शिका

खालच्या रँकमध्ये सगळे उड्या मारतात. उडी मारून मारलेली लाथ लागली की मोठं नुकसान होतं, आणि ती थांबवणारं कोणी भेटत नाही. म्हणून ज्याला उडी थांबवता येते तो एवढ्या एका कौशल्यावर बराच वर चढतो. हवेतल्या गड्याला खालून मारणं, याला खेळाडू 'अँटी-एअर' म्हणतात. रयू या पात्रासाठी तो 'शोर्युकेन' असतो, म्हणजे वर उसळणारा ठोसा. तो जमत नसेल तर खाली बसून मारलेला जोराचा ठोसाही चालतो.

याचा सराव ट्रेनिंग मोडमध्ये होतो. तिथल्या पुतळ्याला हालचाली शिकवून ठेवता येतात. एका नोंदीत पुढं उडी, दुसरीत पुढं चाल, तिसरीत जमिनीवरून लाथ, आणि त्या कुठल्याही क्रमानं आपोआप चालवायच्या. फक्त उडी आली तरच ठोसा मारायचा. पुतळा फक्त उड्याच मारत असेल तर हा सराव फुकट जातो, कारण खऱ्या सामन्यात अडचण ठोसा मारण्याची नसते. इतर दहा गोष्टींत मन गुंतलेलं असताना उडी दिसणं, ही खरी अडचण. रोज १०-१५ मिनिटं हे केलं तर काही आठवड्यांत फरक दिसतो. ड्राइव्ह इम्पॅक्टला आपल्या ड्राइव्ह इम्पॅक्टनं उलट उत्तर देण्याचा सराव असाच करता येतो.

सामन्यांमध्ये सुरुवातीला या नादात हार होईल. उडीची वाट पाहत बसलेला खेळाडू जमिनीवर मार खातो. ते काही दिवस चालू द्यावं लागतं. एका वेळी एकच गोष्ट शिकायची आणि तेवढ्यापुरता स्कोअर विसरायचा, हे सांगायला सोपं असलं तरी रँक घसरताना पाहणं जड जातं.

पाळी कोणाची?

दुसरा ढीग माहितीचा. फटका अडवला गेल्यावर दोघांपैकी एक जण आधी सावरतो. मारणारा आधी सावरला तर पाळी अजून त्याचीच. अडवणारा आधी सावरला तर पाळी त्याची, आणि फरक पुरेसा मोठा असेल तर मारणाऱ्याला उलट मार हमखास बसतो. याला म्हणतात 'पनिश'.

अडवलेला शोर्युकेन हे याचं पाठ्यपुस्तकातलं उदाहरण. तो चुकला की रयू इतका वेळ हवेत लटकतो की समोरच्याला आपला सगळ्यात मोठा कॉम्बो सावकाश लावता येतो. 'टेकन'मध्ये फरक १० फ्रेमचा असेल तर साधा ठोसा हमखास लागतो, १५ च्या आसपास असेल तर बहुतेक पात्रं समोरच्याला हवेत उडवून मोठं नुकसान करू शकतात. हे पाहून घ्यायला ट्रेनिंग मोडमध्ये फ्रेमची माहिती पडद्यावरच मिळते.

इथं एक सापळा आहे. 'टेकन ८' बाजारात आला तेव्हाच त्यात ३२ पात्रं होती, आणि प्रत्येकाच्या चाली शंभरच्या घरात. ते सगळं कोष्टक पाठ करायला बसलेला माणूस परीक्षेची तयारी करतो आहे असं वाटतं, पण खेळत मात्र नाही. उलट्या बाजूनं जाणं सोपं: ज्या चालीनं आज सगळ्यात जास्त मार खाल्ला तिचंच उत्तर आज शोधायचं. रोज एक. दोन महिन्यांनी नेहमी भेटणाऱ्या चालींपैकी बऱ्याच ओळखीच्या झालेल्या असतात.

आणि मग समोरचा माणूस

उरलेला ढीग अंदाजाचा. फायटिंग गेमचा गाभा लहान मुलांच्या दगड-कागद-कात्रीसारखा आहे. समोरचा फटका अडवत बसला तर त्याला पकडून आपटता येतं, कारण पकड, म्हणजे 'थ्रो', अडवता येत नाही. पकडायला जाणाऱ्याला साधा ठोसा थांबवतो. आणि ठोसा मारणाऱ्याला अडवून उत्तर देता येतं. शिवाय 'टेकन'मध्ये फटके वरचे, मधले आणि खालचे असतात: वरच्याखालून बसून वाचता येतं, मधला उभ्यानं अडवावा लागतो, खालचा बसून. उभं राहायचं की बसायचं, हे दरवेळी बघून ठरवायला वेळच नसतो.

पण दगड-कागद-कात्री खेळताना माणसं खरोखर अनियमित वागत नाहीत. घाबरलेला माणूस ठरावीक गोष्ट करतो. उठता उठता शोर्युकेन मारणारा दहातून सात वेळा तेच करतो. कोपऱ्यात सापडलेला उडी मारून निसटू पाहतो. दोन ठोशांनंतर थ्रो करणारा तिसऱ्यांदाही थ्रोच करतो. कुस्तीच्या तालमीत वस्ताद पठ्ठ्याला समोरच्याचा पाय पाहायला सांगतात, तसंच हे. पहिल्या फेरीत थोडा मार खाऊन का होईना, समोरच्याची एक सवय हेरायची आणि दुसऱ्या फेरीत तिचा दाम वसूल करायचा.

या प्रकारातला सगळ्यात गाजलेला क्षण २००४ चा आहे. कॅलिफोर्नियातल्या 'इव्हो' स्पर्धेत जपानचा दायगो उमेहारा आणि अमेरिकेचा जस्टिन वाँग यांच्यात 'स्ट्रीट फायटर ३: थर्ड स्ट्राइक'चा सामना चालला होता. दायगोच्या केन या पात्राचा जीव इतका थोडा उरला होता की मोठा हल्ला नुसता अडवला तरी तो मेला असता. वाँगच्या चुन-ली हिनं १५ लाथांचा सुपर हल्ला सोडला आणि दायगोनं पंधराही लाथा 'पॅरी' केल्या, म्हणजे प्रत्येक लाथ लागण्याच्या नेमक्या क्षणी पुढची दिशा दाबून ती निष्प्रभ केली. मग उलट कॉम्बो लावून फेरी जिंकली. 'इव्हो मोमेंट ३७' नावानं हा व्हिडिओ आजही फिरतो आणि लोक त्याला रिफ्लेक्सचा चमत्कार म्हणतात. पण पहिली लाथ पाहून पॅरी करण्याइतका वेळच नव्हता. वाँग आता हाच हल्ला सोडणार, हे दायगोनं आधी ताडलं होतं. आणि पुढच्या लाथांची लय त्याला पाठ होती. त्या स्पर्धेची अंतिम लढत मात्र दायगो हरला. ती जिंकली केंजी ओबाता यानं, हे व्हिडिओ पाहणाऱ्यांपैकी थोड्यांनाच ठाऊक असतं.

कॉम्बो शिकू नयेत का?

शिकावेत, पण थोडे. कॉम्बो म्हणजे एकदा पहिला फटका लागला की समोरच्याला सुटू न देता लागोपाठ लावलेले फटके. गंमत म्हणजे ही कल्पना मुद्दाम आखलेली नव्हती. 'स्ट्रीट फायटर २' तयार होत असताना मोटार फोडण्याच्या बोनस फेरीत जास्तीचे फटके जोडले जातात, असं निर्माते नोरिताका फुनामिझू यांच्या लक्षात आलं, आणि ते तसंच ठेवलं गेलं. आज इन्स्टाग्रामवर फायटिंग गेमचं जे काही दिसतं त्यात बहुतेक लांबलचक कॉम्बोच असतात.

ते पाहून नवखा २० फटक्यांचा कॉम्बो पाठ करायला लागतो. आठवडाभर घाम गाळल्यावर तो पुतळ्यावर जमतो. मग सामन्यात तो लावायची संधीच येत नाही, कारण पहिला फटका लावता येत नाही. तीन छोटे कॉम्बो पुरतात: एक हलक्या ठोशापासून सुरू होणारा, एक उडीनंतरचा, एक मोठ्या पनिशचा. ते दहापैकी नऊ वेळा दोन्ही बाजूंना लागले पाहिजेत. बाजू हा शब्द इथं महत्त्वाचा. पडद्याच्या डाव्या बाजूला जमलेली चाल उजव्या बाजूला गेलं की बोटं विसरतात, असा जवळजवळ सगळ्यांचाच अनुभव असतो.

गेम, पात्र आणि हातातलं यंत्र

नवख्यासाठी 'स्ट्रीट फायटर ६' हा 'टेकन ८' पेक्षा थोडा सोपा रस्ता म्हणता येईल. चाली कमी, माहितीचं ओझं हलकं. त्याची मोफत डेमो आवृत्ती आहे आणि त्यात रयू व ल्यूक ही दोन पात्रं खेळून पाहता येतात. पण ओळखीचे चार जण 'टेकन' खेळत असतील तर 'टेकन'च घ्यावा. शेजारी बसून खेळणारा मित्र सोप्या गेमपेक्षा जास्त उपयोगी पडतो.

'स्ट्रीट फायटर ६' मध्ये 'मॉडर्न' आणि 'क्लासिक' अशा दोन नियंत्रण पद्धती आहेत. मॉडर्नमध्ये खास चाली एका बटणावर निघतात. त्या बदल्यात अशा शॉर्टकटनं काढलेल्या चालींचं नुकसान २० टक्के कमी होतं आणि काही साधे फटके मिळत नाहीत. मॉडर्नला हिणवणारे बरेच भेटतील. स्पर्धांमध्ये ती पद्धत चालते, एवढं पुरे. बोटांच्या कसरतीत महिने न घालवता आधी डोकं वापरायला शिकायचं असेल तर ती सोयीची आहे.

पात्र आवडेल ते घ्यावं आणि निदान तीन-चार महिने बदलू नये. हरलं की पात्र बदलायचं, ही सवय शिकणं पुन्हा शून्यावर आणते. यंत्राचंही तसंच. आर्केड स्टिक, दांडा नसलेले नुसत्या बटणांचे लिव्हरलेस कंट्रोलर, साधा प्लेस्टेशनचा पॅड, कीबोर्ड, सगळ्यांवर उत्तम खेळणारे लोक आहेत. हजारो रुपयांची स्टिक घेतल्यानं रँक वाढत नाही. हात नवा शिकेपर्यंत तो उलट थोडा खालीच येतो. मनगट दुखू लागलं तर मात्र थांबावं. 'खेळत खेळत बरं होईल' असं म्हणून कायमचं दुखणं ओढवून घेणारे या खेळात कमी नाहीत.

'ही चीटिंग आहे!'

पार्लरमध्ये कोणी एकच लाथ पुन्हा पुन्हा मारली किंवा सारखा थ्रो केला की आरडाओरडा व्हायचा. काही ठिकाणी तर थ्रो करायचाच नाही असा अलिखित नियम असायचा. गेम डिझायनर डेव्हिड सर्लिन यांनी 'प्लेइंग टू विन' या पुस्तकात या वृत्तीची चिरफाड केली आहे. गेमनं न घातलेले नियम स्वतःवर लादून घेणारा खेळाडू जिंकण्यासाठी खेळतच नसतो, असं त्यांचं म्हणणं.

नवख्याला हे कडू लागतं. पण एकच चाल दहा वेळा लागली, तर तिचं उत्तर दहा वेळा दिलं गेलं नाही, एवढाच त्याचा अर्थ. ट्रेनिंग मोडमध्ये पुतळ्याला तीच चाल शिकवावी आणि उत्तर शोधावं. बहुतेक वेळा ते पाच मिनिटांत सापडतं. आणि ज्याचं उत्तर खरंच सापडत नाही ती चाल आपणही वापरायला हरकत नाही.

रँक, रिप्ले आणि इंटरनेट

'स्ट्रीट फायटर ६' ची शिडी रुकी, आयर्न, ब्राँझ, सिल्व्हर, गोल्ड, प्लॅटिनम, डायमंड आणि मास्टर अशी आहे. मास्टरला पोहोचल्यावर खाली घसरण नाही, पण तिथून 'मास्टर रेट' नावाचा वेगळा आकडा १५०० पासून सुरू होतो आणि खरी चढाओढ तिथं चालते. मास्टर म्हणजे शिखर नव्हे, मोठ्या स्पर्धांच्या दृष्टीनं ती पायरी आहे.

हरलेल्या सामन्याचा रिप्ले पाहणं कंटाळवाणं आणि थोडं लाजिरवाणं असतं, म्हणूनच फार कमी लोक ते करतात. दिवसाकाठी एक पुरे. जीव कुठं कुठं गेला ते मोजायचं: उडीवर किती, थ्रोवर किती, पाळी नसताना बटण दाबून किती. 'टेकन ८' मध्ये रिप्ले थांबवून पात्राचा ताबा घेता येतो आणि त्या जागी दुसरं काय करता आलं असतं, ते तिथंच करून पाहता येतं. खेळण्याला एक तास मिळत असेल तर त्यातली १५ मिनिटं सराव, शेवटची दहा मिनिटं रिप्ले आणि मधला वेळ सामने, ही वाटणी बहुतेकांना मानवते. सलग तीन सामने रागात हरल्यावर चौथा खेळू नये. खेळाडू या अवस्थेला 'टिल्ट' म्हणतात, आणि एका रात्रीत महिन्याभराची रँक तिच्यात जाते.

ऑनलाइन खेळताना वाय-फायपेक्षा लॅन केबल बरी. वाय-फायचा वेग कमी असतो असं नाही, पण तो मधूनच अडखळतो, आणि जिथं ४ फ्रेमला किंमत आहे तिथं अडखळणं महागात पडतं. आजचे गेम 'रोलबॅक' पद्धत वापरतात: समोरच्याचं बटण नेटवरून येईपर्यंत गेम अंदाजानं पुढं चालतो आणि अंदाज चुकला तर क्षणार्धात मागे जाऊन दुरुस्त करतो. ही पद्धत या खेळात रुजवली टोनी कॅनन यांच्या 'जीजीपीओ'नं, आणि कॅनन हे इव्हो स्पर्धेच्या संस्थापकांपैकीच एक. पण रोलबॅकलाही अंतर पुसता येत नाही. मुंबईहून टोकियोच्या खेळाडूशी खेळताना जाणारा वेळ १०० मिलिसेकंदांच्या वर जातो, म्हणजे सहाहून अधिक फ्रेम. जवळचे प्रतिस्पर्धी शोधणं, किंवा त्याहून चांगलं म्हणजे प्रत्यक्ष भेटून खेळणं, भारतातल्या खेळाडूला जास्त फायद्याचं.

लाहोरनं जगाला काय दाखवलं

'टेकन' म्हणजे जपान आणि कोरिया, असं वर्षानुवर्षं समीकरण होतं. २०१९ च्या सुरुवातीला पाकिस्तानातल्या लाहोरचा अर्सलान ॲश व्हिसा आणि विमानांच्या अडचणीतून वाट काढत जपानमधल्या 'इव्हो जपान'ला पोहोचला आणि 'टेकन ७' ची स्पर्धा जिंकला. बाहेर त्याला फारसं कोणी ओळखत नव्हतं. त्याच वर्षी लास वेगासच्या मुख्य इव्होमध्येही तोच जिंकला. अंतिम लढतीत त्यानं हरवलं ते कोरियाच्या 'नी'ला, म्हणजे या खेळातल्या सगळ्यात मानाच्या नावाला. २०२४ पर्यंत इव्होच्या नावानं होणाऱ्या स्पर्धांमधली अर्सलानची विजेतेपदं पाच झाली होती.

आपल्या देशात आपल्या तोडीचे आणखी खेळाडू आहेत, असं अर्सलान पहिल्या विजयानंतर सांगत होता. ते ऐकून नी स्वतः पाकिस्तानात खेळायला गेला. पुढे पाकिस्तानच्याच आतिफ बटनं 'टेकन वर्ल्ड टूर'ची २०२२ च्या मोसमाची अंतिम स्पर्धा जिंकली, तेव्हा तो दावा खरा ठरला.

पैसा, प्रायोजक, वेगवान इंटरनेट यांतलं फारसं काही या पोरांकडे नव्हतं. होती ती एकाच खोलीत रोज एकमेकांशी खेळणारी, एकमेकांच्या सवयी उघड्या पाडणारी मंडळी. एकाला नवी युक्ती सापडली की आठवड्यात सगळ्यांना तिचं उत्तर सापडायचं, आणि युक्तीवाल्याला पुढची शोधावी लागायची. २०२३ च्या इव्होत 'स्ट्रीट फायटर ६' साठी सात हजारांहून अधिक जण उतरले आणि जिंकला संयुक्त अरब अमिरातींचा 'अँग्रीबर्ड'. कॅपकॉम कप दोनदा जिंकणारा 'मेनाआरडी' डॉमिनिकन रिपब्लिकचा. मोठ्या बाजारपेठांच्या बाहेरून येणं ही आता नवलाई राहिलेली नाही.

मुंबई-पुण्यातल्या खेळाडूसाठी याचा अर्थ साधा आहे. आपल्यापेक्षा थोडा बरा खेळणारा एक जण गाठावा आणि त्याच्याशी 'फर्स्ट टू टेन' खेळावं, म्हणजे कोणीतरी दहा सामने जिंकेपर्यंत. ऑनलाइन रँकमध्ये दोन-तीन सामन्यांत माणूस बदलतो. दहा सामन्यांत मात्र तुमच्या सगळ्या सवयी उघड्या पडतात, आणि त्याच्याही.

पहिल्या स्पर्धेला जाताना

इव्होसह बहुतेक स्पर्धा खुल्या असतात. फी भरली की नवखा आणि जगज्जेता एकाच तक्त्यात येतात. पद्धत सहसा 'डबल एलिमिनेशन'ची: एकदा हरलं की खालच्या तक्त्यात, दुसऱ्यांदा हरलं की बाहेर. लढती तीनपैकी दोनच्या असतात, शेवटच्या फेऱ्यांत पाचपैकी तीनच्या. पहिल्या स्पर्धेत लागोपाठ दोन लढती हरून बाहेर पडणं इतकं नेहमीचं आहे की खेळाडूंच्या बोलीत त्याला 'झिरो-टू' असं नावच आहे.

तिथं हरण्याची कारणं कधीकधी खेळाबाहेरची असतात. स्वतःचा कंट्रोलर स्वतः न्यायचा असतो, आणि तो तिथल्या मशिनवर चालतो का, हे आधी विचारून घ्यावं. मोठ्या स्पर्धा बऱ्याचदा प्लेस्टेशन ५ वर होतात आणि कॉम्प्युटरवर चालणारं प्रत्येक यंत्र तिथं चालतंच असं नाही. लढत चालू असताना चुकून पॉजचं बटण दाबलं गेलं तर फेरी गमवावी लागते, असा नियम बऱ्याच ठिकाणी असतो, म्हणून ते बटण बंद करून ठेवतात. बिनतारी पॅडची जोडणी आपली लढत संपल्यावर तोडावी लागते. नाहीतर खिशात दाबलं गेलेलं बटण दुसऱ्याच कोणाची तरी लढत थांबवतं.

पहिल्या लढतीत हात थरथरतात आणि घरी हमखास जमणारा कॉम्बो सुटतो. म्हणूनच अनुभवी लोक स्पर्धेत मुद्दाम सोपा कॉम्बो लावतात. बाहेर पडल्यावर लगेच घरी निघू नये. ज्यानं हरवलं त्याला जाऊन विचारावं की माझं काय दिसलं. या मंडळींमध्ये अशा प्रश्नाला उत्तर द्यायची जुनी रीत आहे, आणि बरेच जण शेजारचं रिकामं मशिन दाखवून म्हणतात, बस, दाखवतो.